मँगनीज : नाव ग्रीसचे, खडक सौसरचा

छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातले मँगनीज ज्या खडकांत सापडते, त्यांना भूशास्त्रात 'सौसर समूह' म्हणतात. पण 'मँगनीज' या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीसमधल्या मॅग्नेशियात जाते. तिथल्या नावाने काळा आणि पांढरा असे दोन खनिज पदार्थ ओळखले जात. काचेतली हिरवट छटा घालवायला कारागीर काळा वापरत, आणि इटालियन बोलीत त्याचे नाव अपभ्रष्ट होऊन 'मँगनीज' झाले. 1774 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी या काळ्या पदार्थात वेगळा धातू असल्याचे ओळखले आणि गान यांनी तो वेगळा काढला. नाव मात्र काचवाल्यांचेच राहिले. पुढे 1808 मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्ही यांना पांढऱ्या पदार्थातल्या धातूला, म्हणजे आजच्या मॅग्नेशियमला, 'मॅग्नियम' म्हणावेसे वाटले, कारण 'मॅग्नेशियम' हे नाव तेव्हा मँगनीजलाही लावले जाई. म्हणजे व्युत्पत्ती धातूचा पत्ता सांगत नाही. नाव देणाऱ्याच्या हाती काय आले, एवढेच सांगते.

यावर कोणी म्हणेल, आपल्या भागावरूनही नावे पडलीच आहेत. खरे आहे. 1909 मध्ये भूवैज्ञानिक फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. स्पेसार्टिन गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी गोंडांवरून 'गोंडाइट' म्हटले, तर छिंदवाड्यातल्या सीतापारवरून एका खनिजाला 'सीतापाराइट'. पण या नावांतूनही गोंड समाजाची धातुविद्या कळत नाही. सर्वेक्षण करणारा साहेब कुठे हिंडला, एवढेच कळते. शिवाय नाव टिकणे गावाच्या हातात नसते. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत 1897 मध्येच नोंदलेले बिक्सबाइट असे निघाले. आधीचे नाव खरे या नियमाने आपले नाव गेले, आणि नियम म्हणून ते योग्यच होते.

मग व्युत्पत्तीचा उपयोग काय? अभिमानापुरती ती अपुरी आहे. कामाचा माग काढायला मात्र चांगली. 'मँगनीज' हे नाव काचवाल्यांच्या कामाची खूण आहे; पुढच्या कारखान्याला मात्र नावाशी देणेघेणे नसते, धातूच्या गुणाशी असते. पोलादातल्या गंधकाला मँगनीज बांधून ठेवते; पोलादतज्ज्ञ हॅडफिल्ड यांनी 1882 मध्ये पोलादातले मँगनीजचे प्रमाण सुमारे 12-13 टक्क्यांवर नेले, तेव्हा रेल्वेरुळांच्या क्रॉसिंगला लागणारे, झिजेला दाद न देणारे पोलाद मिळाले. गावाचा पत्ताही असाच नावापासून सुटतो: ज्यावरून या खडकांचे नाव पडले, ते छिंदवाड्यातले सौसर 2023 मध्ये नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेले; भूशास्त्रातले 'सौसर समूह' हे नाव मात्र तेच आहे.