रोल्सची झाली बेंटले

काचेच्या कपाटातल्या वस्तू पुसताना माझ्या हातून आजवर काय काय फुटले त्याची यादी द्यायची नाही, पण गेल्या दिवाळीच्या साफसफाईत जे निसटले त्याने मात्र माझी झोप उडवली. ह्यांच्या लहानपणी बोटीवर नोकरी करणाऱ्या मामांनी इंग्लंडहून आणलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोची छोटी प्रतिकृती! खरी गाडी पाच मीटरहून थोडी लांब. ही तिच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याची, म्हणजे जेमतेम बारा सेंटिमीटर. पडली ती नेमकी नाकावर. समोरची जाळी मोडली आणि तिच्या माथ्यावरची पंखवाली बाई कुठे उडाली, ते केरसुणीलाही सापडले नाही.

हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

सुटी जाळी काही मिळेना. तेव्हा चिरंजीवांच्या मोटारींच्या पुस्तकात डोके घातले आणि वाट सापडली. सिल्व्हर शॅडो १९६५ ते १९८० या काळात निघाली. रोल्स-रॉइसने बेंटले कंपनी १९३१ सालीच विकत घेतली होती, त्यामुळे त्याच कारखान्यात, त्याच सांगाड्यावर आणि त्याच इंजिनावर 'बेंटले टी' नावाची गाडीही तयार होई. अगदी जुळ्या बहिणी, फरक काय तो नाकाचा. रोल्सची जाळी ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखी, धारदार कोपऱ्यांची. बेंटलेची गोल खांद्यांची. बॉनेटची पुढची कडही त्याच वळणाची. आणि बेंटलेच्या माथ्यावर ती बाई नाही! म्हणजे मोडक्या रोल्सची धड बेंटले करता येईल, आणि त्यात लबाडीही नाही. कारखान्यानेच तर तसे केले होते.

भीतभीतच ह्यांना विचारले. "कर," म्हणाले, "पण मामांनी आणला तो रंग घालवू नकोस." चिरंजीवांना लालभडक गाडी हवी होती; त्यांना गप्प केले.

अशा गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात आणि तळाची पट्टी रिबिटांनी बसवलेली असते. हातड्रिलने रिबिटाचे फक्त डोके काढायचे, खुंट ठेवायचा. पुढे तिथेच बारीक स्क्रू बसतो. तळ सुटला की बॉनेट, काचा, आतल्या बैठका सगळे मोकळे होते. काचा प्लॅस्टिकच्या, म्हणून त्या आधी दूर ठेवा. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने त्या दुधाळ होतात, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नुसत्या वाफेनेही त्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते. (हे मला एक काच घालवल्यावर कळले. ती मागची आहे, फारशी दिसत नाही.)

बॉनेटचे टोकदार नाक कानसले, वर दोन गोळे मळून करायचे एपॉक्सी लांबी बसवली आणि दुसऱ्या दिवशी चारशे नंबरच्या, मग हजारच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासले. पाणी लावले की धातूची धूळ नाकात जात नाही. जाळीच्या उभ्या पट्ट्यांसाठी काय वापरले असेल? उवांची जुनी फणी! दातांतले अंतर अगदी हवे तसे निघाले. त्यावर चंदेरी रंग, भोवती कागदाची टाचणपिन गोल खांद्यांत वाकवून केलेली चौकट, आणि चॉकलेटच्या चांदीचा पंखांचा बी.

रंगाने मात्र रडवले. गाडी मुळात पांढरी, पण इतक्या वर्षांत साय धरल्यासारखी पिवळसर झालेली. नवे बॉनेट शेजारी ठेवले की नव्या दातासारखे चमके. तीनदा खरवडले. शेवटी पांढऱ्यात पिवळ्याचा नि तपकिरीचा एकेक थेंब टाकून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी जुळवले. रात्री दिव्याखाली जुळवलेला रंग सकाळी हमखास दगा देतो.

हे सगळे करताना त्या हरवलेल्या बाईची रुखरुख होतीच. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने ती मूर्ती १९११ साली घडवली. समोर एलिनॉर थॉर्नटन होती असे मानतात, लॉर्ड माँटेग्यूंची सेक्रेटरी. १९१५ च्या डिसेंबरात ती त्यांच्याबरोबर 'पर्शिया' बोटीने मुंबईला यायला निघाली. ३० तारखेला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. लॉर्डसाहेब वाचले, एलिनॉर गेली. मोठ्या मोठ्या गाड्यांच्या माथ्यावर मिरवणारी ही बाई अर्ध्या वाटेवर राहिली हे वाचले, आणि पुन्हा एकदा सोफा पुढे ओढून शोधले.

गाडी तयार झाल्यावर ह्यांनी ती हातात फिरवून फिरवून पाहिली, बॉनेट दोनदा उघडले, मिटले. "खांदे छान जमलेत," एवढेच म्हणाले आणि कपाटात ठेवताना तोंड काचेकडे केले. पूर्वी ती आडवी असे.

फेब्रुवारीत गादी उन्हात टाकताना बाई सापडली, शिवणीत अडकलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. चिरंजीव म्हणाले, आता परत रोल्स करू. ह्यांनी मान हलवली. ती माझ्या करंड्यात आहे.