मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमधले अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते मोजायला भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वी वाटोळी, नकाशा सपाट; पट्टी फसवते. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा पट्टीच्या रेघेपेक्षा उत्तरेकडे सरकून पाकिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन असा जातो. सर्वांत जवळची वाट ती.

पण दोऱ्याला सरहद्दी आडव्या येत नाहीत, विमानाला येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. अंतर तेवढेच राहिले, वाट लांबली.

त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. समजा, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे. वारा नसता तर आठ तास लागतील. ताशी १०० किलोमीटरचा वारा जाताना समोरून आला तर नऊ तास, आणि येताना तोच पाठीशी असला तर सात तास बारा मिनिटे. जाण्यायेण्याची बेरीज सोळा तास नव्हे, सोळा तास बारा मिनिटे! समोरच्या वाऱ्यात आपण अधिक वेळ राहतो, म्हणून तो घेतलेले सगळे परत देत नाही. सावकाराशी ज्यांचा व्यवहार झाला आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

शिवाय लंडनचे घड्याळ आपल्या मागे : हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तेव्हा तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून भागत नाही.

आणि वजाबाकी नीट केली, तरी हाती येते ती निव्वळ उड्डाणाची वेळ नव्हेच. चाकांचे ठोकळे काढून विमान हलते, तेथपासून मुक्कामी ठोकळे पुन्हा लागेपर्यंतची ती वेळ. धावपट्टीकडे सरकणे, रांगेत थांबणे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, सारे तीत आले.

माझा जन्म हजेरीपटांशी झगडण्यात गेला, म्हणून मला हे ठोकळे फार महत्त्वाचे वाटतात. हजेरी फाटकावर धरायची की साच्यावर, हा गिरणीतला जुना तंटा. विमानातही तोच आहे. उत्तर अमेरिकेतील अनेक कंपन्यांत विमानसेवकांचे तासावारी वेतन विमान हलू लागल्यावरच सुरू होई. त्याआधी प्रवाशांना जागेवर बसवणे, सामान लावून घेणे, सुरक्षिततेची तपासणी, हे सारे काम खरे, पण तासात न धरलेले. २०२२ मध्ये डेल्टा कंपनीने प्रवासी चढण्याच्या वेळेला निम्म्या दराने वेतन देण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांहून अधिक विमानसेवक याच प्रश्नावर संपावर गेले. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम काढला, तो त्यांनी मानला नाही. संप मिटला तेव्हाच्या तडजोडीत जमिनीवरच्या कामालाही काही वेतन कबूल झाले.