वस्तरा, जट आणि देऊळ

१८९० साली पुण्यात हरी नारायण आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने येऊ लागली. कादंबरीतली यमू आपली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगते. माहेर, सासर, नवऱ्याच्या सहवासात लागलेली वाचनाची गोडी, आणि मग वैधव्य. धर्माच्या नावाखाली तिचे केस जबरदस्तीने उतरवले जातात, तोवर वाचक तिच्या इतका जवळ गेलेला असतो की तो वस्तरा आपल्याच घरातल्या लेकीच्या डोक्यावरून फिरतो आहे असं त्याला वाटतं. विधवेचं केशवपन शास्त्रात बसतं की नाही, यावर त्या काळी वाद झडत होते. हरिभाऊंनी शास्त्रार्थ पंडितांकडे राहू दिला आणि यमूचं डोकं पुढे केलं.

विधवेचा प्रश्न कादंबरीत आणणारे हरिभाऊ काही पहिले नव्हेत. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, म्हणजे विधवाविवाहाच्या कायद्यानंतर अवघ्या वर्षभराने आलेली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण बाबा पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले होते, त्यांची यमुनाही शेवटी त्याच वाटेने जाते, आणि पानापानावर प्रवचनाचा सूर लागतो. ज्यांना बदलायचं होतं, त्या घरांमध्ये हे पुस्तक परक्याने सांगितलेल्या शहाणपणासारखं राहिलं. यमू मात्र माजघरातून बोलत होती. धर्मावरचा प्रश्न घरातल्या माणसाने घरातल्या भाषेत विचारला की तो टाळता येत नाही, हे मराठी लेखकांना तेव्हापासून उमगलेलं आहे.

पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या कादंबऱ्या, नाटकं आणि चित्रपट पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. देव आहे की नाही, या वादाशी लोकप्रिय मराठी कलाकृती फारशा झटत नाहीत. देवाच्या नावावर कोणाचं काय गेलं, हे त्या विचारतात. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, पण ते खरं नाही. ज्याचं काही गेलं आहे त्याच्या बाजूने उभं राहायला नास्तिकाच्या युक्तिवादाइतकीच हिंमत लागते, आणि इथल्या संतांनीही हेच केलं होतं.

म्हणूनच 'प्रभात' फिल्म कंपनीचे संतपट भक्तिपट म्हणून बाजूला सारणं चूक ठरेल. व्ही. शांताराम यांचा एकनाथांवरचा 'धर्मात्मा' १९३५ चा. एकनाथांची भूमिका केली बालगंधर्वांनी. महाराच्या घरी जाऊन जेवणारा ब्राह्मण पडद्यावर दाखवणं तेव्हा सोपं नव्हतं. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. सरकारला त्यात राजकारण दिसलं आणि ते काही खोटं नव्हतं.

दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सगळ्यांच्या ध्यानात राहतो. तरी चित्रपटातला खरा प्रश्नकर्ता वेगळाच आहे, तो म्हणजे गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई. पोर आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. चिडलेली जिजाई हातात वहाण घेऊन थेट विठोबासमोर उभी ठाकते. चित्रपटात चमत्कार आहेत, गाथा तरते, शेवटी वैकुंठाचं विमानही येतं, पण जिजाई काही त्यात बसत नाही. तिला पोराबाळांचं पाहायचं असतं. हात जोडून बसलेल्या प्रेक्षकांनी त्या बाईवर जीव लावला, हे विसरून चालणार नाही.

बुवाबाजीवर मराठी रंगभूमीने सुरुवातीपासून हात चालवला. आचार्य अत्र्यांच्या 'बुवा तेथे बाया'ला प्रेक्षक पोट धरून हसले. पण ढोंगी बुवाला हसणं त्या मानाने सोपं असतं, कारण बुवा नेहमी दुसऱ्याचा असतो. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'ने ती सोयही ठेवली नाही. १९७४ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलेल्या या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तनाला उभे राहतात. आपल्याला जुन्या स्मशानातच जाळावं असा त्यांचा हट्ट. मुलगा प्रेत लपवून ठेवतो, शेजारीपाजारी सुतकाचे सोपस्कार पार पाडतात, टाळ वाजत राहतो. मरणाच्या विधींमध्ये मेलेल्या माणसाला किती जागा असते, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो, आणि तो पडतो कीर्तनाच्या चालीवर.

कीर्तनातूनच कर्मकांडावर घाव घालणारे एक खरे कीर्तनकार महाराष्ट्राने पाहिले होते, ते गाडगेबाबा. आधी खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्नांवर प्रश्न विचारून नवस-बकऱ्यांबद्दल विचार करायला लावायचं. राजदत्त यांनी १९७७ मध्ये त्यांच्यावर 'देवकीनंदन गोपाला' केला आणि बाबांच्या भूमिकेत होते डॉ. श्रीराम लागू. हेच डॉक्टर पुढे परमेश्वराला रिटायर करा, असं जाहीरपणे सांगू लागले आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांबरोबर वादसंवादाच्या कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरले. देव न मानणारा नट आणि देवाचं नाव घेत लोकांना जागं करणारा संत. पडद्यावर दोघांमध्ये कुठे फट दिसत नाही. मराठी विवेकवादाची मुळं कुठवर गेली आहेत ते समजायला हा एक चित्रपट पुरेसा आहे.

आता पुन्हा केसांकडे वळावं लागतं. सीमाभागात, गडहिंग्लज-निपाणीच्या पट्ट्यात, सौंदत्तीच्या यल्लम्माचा मोठा धाक. एखाद्या मुलीच्या केसांत गुंता झाला, तो सुटेना, तेल-पाण्याअभावी आणि मळाने केस एकमेकांत चिकटून त्यांची दोरी झाली, की घरचे म्हणतात, जट आली. देवीचं बोलावणं आलं. कंगवा लावायचा नाही, कात्री तर लांबच. जट वाढत जाते, मान दुखते, उवा होतात, आणि पोरगी देवीला सोडली जाते. मग गळ्यात माळ, कपाळाला भंडारा, हातात परडी आणि दारोदार जोगवा. तिने लग्न करायचं नाही. तिच्यावर हक्क सांगणारे मात्र गावात अनेक असतात.

राजन गवस याच मातीतले. त्यांची 'चौंडकं' १९८५ ची आणि 'भंडारभोग' १९८८ ची. मुंबई प्रांतात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ सालीच झाला होता. म्हणजे कायद्यानंतर अर्धशतक उलटलं तरी कादंबरीकाराला ही माणसं आपल्या अवतीभवती दिसत होती. गवसांनी त्यांची बोली, त्यांचे शिव्याशाप, त्यांची देवीवरची खरी श्रद्धा सगळं जसंच्या तसं ठेवलं. त्या कादंबऱ्यांत देवीला कोणी शिवी देत नाही. तरी पुस्तक मिटताना वाचकाचा संताप होतो, तो देवीच्या नावाने माणूस मोडणाऱ्या गावावर.

या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवरून राजीव पाटील यांनी 'जोगवा' केला. मुक्ता बर्वेची सुली आणि उपेंद्र लिमयेचा तायाप्पा. एकीला देवीला सोडलेलं, दुसऱ्याला पुरुष असून लुगडं नेसवून जोगत्या केलेलं. दोघांना एकमेकांची ओढ लागते आणि अख्खी प्रथा त्या ओढीपुढे उघडी पडते. लिमयेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा, अजय-अतुलला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'जीव दंगला' हे गाणं तर लग्नाच्या मांडवापर्यंत पोचलं. गाण्यामागची जोगतीण त्या मांडवातल्या किती जणांना आठवते, कोण जाणे. पण ज्यांनी चित्रपट पाहिला, त्यांना जट म्हणजे न विंचरलेले केस हे पुन्हा समजावून सांगावं लागलं नसेल.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त श्रद्धेचा आणि जातीचा सांधा दिसतो. जत्रेत डुकरांमुळे पालखीला विटाळ, म्हणून डुकरं पकडायची जबाबदारी गावाने खालच्या मानलेल्या जातीतल्या जब्या या पोराच्या घरावर. देव सगळ्या गावाचा, घाण मात्र एकाच घराची. पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब ज्या भिंतीवरून जातं, तिच्यावर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. मंजुळे त्यावर एक शब्दही बोलत नाहीत.

'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याआधी सहाच महिने, २० ऑगस्ट २०१३ ला, दाभोलकरांचा पुण्यात भल्या सकाळी गोळ्या घालून खून झाला होता. जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला तो त्याच डिसेंबरात. अठरा वर्षं त्यांनी ज्याचा पाठपुरावा केला, तो कायदा त्यांना पाहता आला नाही.

हिंदीने याच सुमारास मोठा बाजार गाजवला. 'ओह माय गॉड' २०१२ चा, 'कानजी विरुद्ध कानजी' या गुजराती नाटकावरून घेतलेला. भूकंपात दुकान गेलं, विमा कंपनी ही देवाची करणी म्हणते, म्हणून कानजी देवालाच कोर्टात खेचतो. कल्पना झकास आहे. पण कानजीच्या मदतीला शेवटी श्रीकृष्ण स्वतः येतात, आणि प्रश्नातली अर्धी धार तिथेच जाते. त्यापुढे २०१५ चा मराठी 'देऊळ बंद' वेगळ्या दिशेला गेला. देव न मानणारा शास्त्रज्ञ, सोसायटीतलं स्वामी समर्थांचं मंदिर, आणि अखेर स्वामींपुढे झुकलेलं त्याचं डोकं. लोकांनी तो डोक्यावर घेतला. छोट्या पडद्यावरही 'जय मल्हार', 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' यांना घराघरात जागा मिळाली. या प्रेक्षकाला अडाणी म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. दवाखाना, कर्ज, पोराची नोकरी यांनी दमलेल्या माणसाला कोणीतरी पाठीशी आहे, एवढा दिलासा हवा असतो. मात्र तो दिलासा विकणारे त्याच्या दारात उभे असतात, आणि ते दाखवायलाही कोणी लागतं.

ते काम उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'ने २०११ मध्येच करून ठेवलं आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला 'ब्यारी'सोबत विभागून मिळालं. मंगरूळ गावात हरवलेली करडी गाय शोधताना केशा या भोळ्या तरुणाला औदुंबराखाली दत्तगुरू दिसतात. शहाणे अण्णा त्याला सांगतात, तुला दिसलं ते तुझ्यापाशी ठेव. केशाला ते जमत नाही, आणि गाव तर टपलेलंच असतं. जिथे इस्पितळ व्हायचं तिथे देवळाचा विचार सुरू होतो, गावचे पुढारी भाऊ यांचं राजकारण वारं पाहून फिरतं, दुकानं लागतात, प्रसाद विकला जातो, दर्शनाची रांग लांबत जाते. केशाला खरंच देव दिसला का, हे चित्रपट शेवटपर्यंत खोटं ठरवत नाही. सगळ्या गर्दीत खरा भक्त तोच एक. आणि तोच एके रात्री गाभाऱ्यातली मूर्ती उचलतो, काखेत धरून नदीवर नेतो आणि पाण्यात सोडून देतो. गाव दुसरी मूर्ती बसवतं. रांग पुन्हा लागते.