स्टिअरिंग हलकं कशानं होतं?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागं आम्ही माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो होतो. येताना उतार लागला आणि माझ्या धाकट्या दिरांनी डिझेल वाचवायचं म्हणून जीप न्यूट्रल करून इंजिनच बंद केलं. पुढच्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं झालं. भाऊजी दोन्ही हातांनी ओढत होते, तरी गाडी पार कडेपर्यंत गेली. आत सात माणसं, त्यात दोन लेकरं. देवीची कृपा म्हणून थांबली. "स्टिअरिंग जाम झालं," असं भाऊजी घरी येईपर्यंत म्हणत होते. जाम काही झालं नव्हतं.

जातं आठवा. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात, तेव्हा जातं कसं गरागरा फिरतं! मधेच समोरच्या बाईनं हात काढला तर जातं अडकत नाही, पण सगळं ओझं एकटीच्या खांद्यावर येतं. पॉवर स्टिअरिंग म्हणजे ही समोरची बाई. गाडी वळवता तुम्हीच, ती फक्त जोर लावते. आणि तिला जोर मिळतो इंजिनाकडून. इंजिन बंद, की तिचा हात निघाला.

हा जोर चाकापर्यंत जातो तेलातून. इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो डबीतलं तेल दाबानं नळीत ढकलतो. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे वळवलं की आतली झडप दट्ट्याच्या एका बाजूला तेल सोडते, उजवीकडे वळवलं की दुसऱ्या बाजूला. होळीच्या पिचकारीत आपण दट्ट्या दाबून पाणी ढकलतो. इथं तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या चाकं वळवतो. अमेरिकेत क्रायसलर कंपनीनं १९५१ साली असं स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत दिलं. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तेल नसतं, विजेची मोटर हे काम करते. तिथंही गाडी बंद झाली की मदत बंद.

ब्रेकचंही तसंच आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मोटारीच्या ब्रेकलाही इंजिन चालू असताना मदत मिळते. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा पाय दाबला की ती संपते आणि ब्रेक कडक होतो. वर कुणी चावी काढून घेतली तर स्टिअरिंगला कुलूपच बसतं. उतारावर चार पैशांचं डिझेल वाचवायला हे सगळं पणाला लावायचं का, ते तुम्हीच घरी विचारा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची. त्यानं वेगही आवरतो.

आता ट्रॅक्टरचं सांगते, कारण आपल्या नांदेड-लातूरकडं गटागटानं ट्रॅक्टर घेतले जातात आणि चालवायला मात्र गडीच शोधला जातो. "बाईला स्टिअरिंग ओढणार नाही," म्हणतात. पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर जागच्या जागी वळवायलाही फार ताकद लागत नाही, तेव्हा ही सबब आता जुनी झाली.

पण हलक्या स्टिअरिंगची एक खोडी आहे. उसाची ट्रॉली मापाबाहेर भरली की ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागतं आणि पुढची चाकं रस्त्यावर नीट टेकत नाहीत. स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. साध्या स्टिअरिंगवर ते हाताला चटकन कळायचं, एकदम हलकं लागायचं. पॉवर स्टिअरिंग मुळातच हलकं, त्यामुळे हाताला फरक जाणवत नाही. म्हणून निघण्याआधी डोळ्यांनी बघायचं: पुढचे टायर नीट दबलेत का?

देखभाल फारशी नाही. डबीवर खूण असते, तेल तिथवर हवं. झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलंच तेल घालायचं, घरात उरलेलं इंजिन ऑईल नाही. स्टिअरिंग पार शेवटापर्यंत वळवून तसंच दाबून धरू नका, तेल तापतं. वळताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पट्टा सैल असेल किंवा तेल कमी झालं असेल. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला की गळती कळते. चालू इंजिनाच्या नळीवर गळती शोधायला बोट मात्र कधी फिरवू नका. दाबाची बारीक धार कातडीत शिरते. तसं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

आणि चालत्या गाडीचं इंजिन आपोआप बंद पडलं तर? चावीला हात लावू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ते वळतं, जोर जास्त लागतो एवढंच. ब्रेक एकदाच पूर्ण दाबून तसाच धरा, सोड-दाब करू नका. गाडी कडेला थांबली की हॅन्डब्रेक ओढा, आणि मगच खाली उतरून चाकाला दगड लावा.