बटाट्याची लागण आणि प्रवेशाचा फॉर्म

आमच्या सातगाव पठारावर जूनमध्ये दोन घाया एकदम येतात. एक बटाट्याच्या लागणीची, दुसरी पोरांच्या प्रवेशाची. मंचरच्या बाजारातून पंजाबचं बियाणं आणून ठेवलेलं असतं, वाफसा झाला की घरातलं कुणी मोकळं राहत नाही. नेमका तेव्हाच एखादा बाप मुलीला घेऊन पेठमधल्या माझ्या सेवा केंद्रात येतो, पायाचा चिखलही धुतलेला नसतो, आणि म्हणतो, “ताई, तेवढं नॉन-क्रिमीलेयर आजच्या आज काढून द्या.”

आजच्या आज तो दाखला निघत नाही. आधी उत्पन्नाचे पुरावे, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण पठारावर ते कुणाच्या तोंडी बसलेलं नाही), मग घोडेगावची तहसील, मग प्रांतांची सही. उत्पन्नाच्या आणि डोमिसाईलच्या दाखल्याला सेवा हक्क कायद्याने १५ दिवसांची मुदत दिली आहे. म्हणजे सगळ्यांनी आपापलं काम वेळेत केलं तरी पंधरवडा जाऊ शकतो. प्रवेशाच्या फेरीत फॉर्म भरायला तेवढा वेळ मिळत नाही.

कॉलेजची तयारी म्हणजे अभ्यास, असं घरोघरी धरून चालतात. अभ्यास हवाच. पण माझ्या टेबलापाशी बसून पाहिलं तर तयारी नववीतच लागते, आणि तिची सुरुवात नावापासून होते. शाळेच्या रजिस्टरला वडिलांचं नाव एक, आधारला दुसरं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ तर कुठे दोन. दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट येते. मुलांना ती दाखवून सह्या घेतात आणि मुलं न वाचता सही करतात. त्या कागदावर आईचं नाव, जन्मतारीख, आडनाव एकेक अक्षर लावून वाचा. एकदा गुणपत्रिका छापून शाळा सुटली की दुरुस्तीसाठी किती दारं हिंडावी लागतात ते विचारू नका.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. अमेरिकेत कॉलेजं मुलांकडून स्वतःबद्दल निबंध मागतात, शिक्षकांची पत्रं मागतात. तिथे विचारतात, तू कोण? आपल्याकडे विचारतात, तुझा पणजोबा कोण? ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. भीमाशंकरच्या बाजूच्या महादेव कोळी घरांना त्यामुळे आणखी मागे जावं लागतं. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. गेले नसतील तर चुलत आजोबांचा शोधायचा, नाहीतर गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद. जुनी नोंद मोडीत असली की ती वाचणारा माणूस गाठायचा. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नात्यातल्या एखाद्या सख्ख्या चुलत भावाकडे व्हॅलिडिटी (पडताळणीचं प्रमाणपत्र) असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. म्हणून मी येणाऱ्याला पहिला प्रश्न कागदाचा विचारत नाही, भावकीचा विचारते. भावकीत बांधावरून बोलणं बंद असेल तर मग अडचण होते! पण पोरीच्या इंजिनियरिंगसाठी जुनी भांडणं मिटलेलीही मी पाहिली आहेत.

विज्ञान शाखेला असाल तर अकरावीतच कॉलेजमार्फत हा अर्ज टाका. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. सरकार कधी प्रमाणपत्र जमा करायला मुदतवाढ देतं, कधी नुसत्या पावतीवर भागतं, पण त्या आशेवर बसणं मला पटत नाही. व्हॅलिडिटी किंवा चालू नॉन-क्रिमीलेयर वेळेत नसेल तर राखीव जागेवरचा मुलगा खुल्या गटात मोजला जातो. त्याचे गुण तेवढेच असतात, पण हातची जागा जाते. नॉन-क्रिमीलेयरवरची तारीखही बघा. ते ज्या ३१ मार्चपर्यंत चालतं ती प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातली लागते. गेल्या वर्षीचं घेऊन आलेले पालक दरवर्षी असतात.

अकरावीचं म्हणाल तर पूर्वी आमच्याकडे गुणपत्रिका घेऊन थेट कॉलेजात जायचं आणि फी भरायची. ऑनलाइन भानगड पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांची. २०२५ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. पठारावरच्या मुलालाही आता १०० रुपये भरून नोंदणी करावी लागते आणि दहापर्यंत पसंतीक्रम द्यावे लागतात. पहिल्या वर्षी कित्येकांनी मंचरचं एकच कॉलेज टाकलं आणि “लागलं नाही” म्हणून तोंड पाडून आले. दहा रकाने दिलेत ते भरण्यासाठीच!

बारावीनंतरचा आणखी एक खड्डा कॉमर्सवाल्यांसाठी आहे. सीईटी म्हणजे सायन्सची, असं त्यांना वाटतं. पण २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी आली. तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या आधीच होते. निकालाचे पेढे घेऊन माझ्याकडे आलात तर मी पेढा घेईन, फॉर्मची मुदत मात्र बहुधा संपलेली असेल. एमएचटी-सीईटीचंही तसंच, तिची नोंदणी थंडीतच सुरू होते. त्या परीक्षेला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये, हे अजूनही काही मुलांना सांगावं लागतं.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, ऑप्शन फॉर्म भरताना मुलं आपण होऊन भितात. गेल्या वर्षीचा कटऑफ बघतात आणि “हे कुठलं मिळतंय आपल्याला” म्हणून आवडीचं कॉलेज खाली टाकतात. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याचा हक्क जात नाही. उलट पहिल्या पसंतीचंच लागलं तर जागा तिथेच पक्की होते, पुढच्या फेरीत वर सरकता येत नाही. तेव्हा क्रमांक एकवर तेच लिहा जे खरोखर हवंय. आमच्या जवळ, अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दुसऱ्या जिल्ह्यांतली पोरं तिथे येऊन खोल्या घेऊन राहतात. आणि आमची पोरं ते यादीत तळाला टाकतात. कारण काय, तर घरातून दिसणारं कॉलेज कसलं कॉलेज! पुण्यातल्या खासगी कॉलेजची फी आणि खोलीभाडं मी कागदावर मांडून दाखवते, तेव्हा निदान बाप तरी गप्प होऊन ऐकतो.

मुलींच्या बाबतीत तर हा हिशोब पार बदललाय. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर. ‘कॅपमधून’ हा शब्द मी दोनदा सांगते. मॅनेजमेंटच्या जागेवर बसलेल्या मुलीला ही माफी नाही. शिवाय जागा मिळाली म्हणजे माफी आपोआप होते असंही नाही. महाडीबीटीवर वेगळा अर्ज भरायचा, तो दरवर्षी नूतन करायचा, आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं ठेवायचं. ते खातं लागणीच्या आधी, एप्रिलमध्येच उघडून घ्या. तेव्हा रानात काम कमी असतं आणि माझ्याकडे गर्दीही नसते.