डिझेलच्या टाकीतली बाटली : फायदा कोणाचा?

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर आहे आणि यंत्रमागाचा धंदा चाकांवर चालतो. सूत येते ते ट्रकने, कोऱ्या कापडाचे ताके बाहेर जातात तेही टेंपो-ट्रकने. मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यातील गोदामांचा सारा व्यवहार गाड्यांवरच उभा आहे. तालुक्याच्या ग्रामीण भागात वीटभट्ट्यांवर आणि भातशेतीत ट्रॅक्टर राबतो. आपल्यापैकी अनेक बांधव एक किंवा दोन गाड्या हप्त्यावर घेऊन मेहनतीची कमाई करतात. अशा मालकाचा सर्वांत मोठा रोजचा खर्च म्हणजे डिझेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, तेव्हापासून भाडे ठरवताना डिझेलचा हिशेब अधिकच काटेकोर करावा लागतो.

अशा वेळी नाक्यावरचा दुकानदार एक लहान बाटली पुढे करतो आणि सांगतो, “टाकीत टाका, ॲव्हरेज वाढेल, धूर बंद होईल, नोझल साफ राहील.” यात खरे किती आणि दुकानदारी किती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बाटलीत असते काय?

या द्रव्यांना ॲडिटिव्ह म्हणतात. त्यांचे चार-पाच प्रकार आहेत. एक प्रकार नोझलवर बसलेली काजळी सुटी करतो. दुसरा डिझेलचा सीटेन आकडा वाढवतो, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये लवकर पेट घेते. तिसरा पंपाच्या आतील भागांना वंगण पुरवतो. चौथा गंज रोखतो. पाचवा प्रकार साठवलेल्या डिझेलमध्ये पाण्यामुळे वाढणारे जंतू मारतो. ही सारी रसायने खरी आहेत आणि त्यांचा गुणही खरा आहे. प्रश्न एवढाच आहे की आपल्या गाडीला त्यांची गरज आहे काय?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते. एकेकाळी आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. आता दहा लाख भागांत केवळ १० भाग चालते. सीटेन आकडा किमान ५१ असावा लागतो. गंधक काढताना डिझेलचे नैसर्गिक वंगणही कमी होते हे खरे आहे, आणि “नवे डिझेल सुके आहे” ही चालकांची तक्रार त्यातूनच निघाली. परंतु वंगणाचीही कसोटी ठरलेली आहे. प्रयोगशाळेत डिझेलमध्ये धातूवर धातू घासतात आणि पडणारा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. त्यासाठी लागणारे वंगणद्रव्य तेल कंपन्याच घालतात. म्हणजे चांगल्या पंपावरचे डिझेल घेताना त्याची किंमत आपण आधीच मोजलेली असते.

घरगुती उपाय महागात पडतात

काही चालक टाकीत टू-टी ऑइल ओततात, काही कापूर किंवा डांबरगोळ्या टाकतात, तर काही स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळतात. यातील रॉकेल सर्वांत घातक. ते पातळ असते, त्यात वंगण कमी असते. पंपाचे प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट काही मायक्रॉनचीच असते आणि तेथे वंगण म्हणून फक्त डिझेलच असते. जुन्या गाडीत नोझल सुमारे २०० बारच्या दाबाला उघडतो, तर नव्या कॉमन रेल गाडीत दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. जुन्या ट्रॅक्टरचा यांत्रिक पंप जी चूक काही महिने सोसेल, ती नव्या ट्रकचा इंजेक्टर सोसणार नाही. ऑइल मिसळल्यास त्याची राख सायलेन्सरमधील गाळणीत साचते आणि ती गाळणी बदलण्याचा खर्च लहान मालकाचा कित्येक खेपांचा नफा खाऊन टाकतो.

भेसळीचा धंदा किती निर्दय आहे हे आपल्या राज्याने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाची चोरटी भेसळ रोखण्यासाठी गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. तेव्हा भेसळीचे मूळ अनुदानित रॉकेलमध्ये होते. पुढे रॉकेलचे अनुदान संपले, परंतु महामार्गांवर “बायोडिझेल” या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकण्याचे प्रकार उघडकीस आले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीस जी मुभा दिली ती डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, थेट डिझेल म्हणून जाळण्यासाठी नव्हे. लिटरमागे दहा-पंधरा रुपये कमी सांगणारा विक्रेता पक्के बिल देत नसेल, तर तेथून गाडी पुढे काढावी हेच शहाणपण.

चमत्काराची जुनी गोष्ट

१९९६ मध्ये तामिळनाडूतील रामर पिल्लई यांनी जडीबुटी घालून पाण्याचे इंधन करतो असा दावा केला. देशभर गाजावाजा झाला, मोठ्या संस्थांत प्रात्यक्षिके झाली, पुढे ते “हर्बल पेट्रोल” विकलेही गेले. तपासात ते पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण निघाले आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकेतही सरकारच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने आणि द्रव्ये तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे त्यांत काही सापडले नाही.

हिशेब कागदावर मांडा

समजा, ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो आणि डिझेल ९० रुपये आहे. किलोमीटरला २२ रुपये ५० पैसे पडले. आता ४५० रुपयांची बाटली २०० लिटरला पुरते असे धरा. डिझेल लिटरमागे २ रुपये २५ पैशांनी महागले. खर्च भरून निघण्यासाठीच गाडीने ४.१ किलोमीटर दिले पाहिजेत. त्याच्या वर गेले तरच फायदा. महिन्याला ६००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत बाटल्यांचा खर्च तीन हजारांच्या पुढे जातो, हे विसरू नये.

आणि हा ०.१ चा फरक मोजायचा कसा? २०० लिटरची टाकी भरताना पाच लिटर इकडे-तिकडे झाले तरी अडीच टक्क्यांचा घोळ होतो. बाटलीचा फायदा त्यातच हरवून जातो. म्हणून परीक्षा घ्यायचीच असेल तर नीट घ्यावी. गाडी तीच, चालक तोच, रस्ता आणि वजन तेच. टाकी काठोकाठ भरून पाच खेपा बाटलीविना, पाच बाटलीसह आणि पुन्हा पाच बाटलीविना. शेवटच्या पाच खेपांत ॲव्हरेज घसरले तरच गुण बाटलीचा, नाही तर ते हवामानाचे किंवा चालकाच्या सावधपणाचे फळ समजावे.

युरियाचा घोटाळा

बीएस-६ ट्रकला “युरिया” लागतो, तेव्हा तोही डिझेलमध्ये घालायचा असा समज काही ठिकाणी आहे. हा समज गाडी बसवणारा आहे. त्या द्रवात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. त्याची टाकी वेगळी असते आणि तो सायलेन्सरमधील वायूवर फवारला जातो. तो डिझेलच्या टाकीत गेल्यास गाडी सुरूच करू नये, टाकी रिकामी करून धुवावी. शेतीच्या खताचा युरिया पाण्यात कालवून वापरणेही तितकेच नुकसानीचे आहे.

मग करावे काय?

ॲडिटिव्ह कधीच वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. जनरेटरचे डिझेल महिनोन्‌महिने पडून राहत असेल, किंवा जुन्या पंपाच्या नोझलवर काजळी बसल्याचे मिस्त्रीने तपासून सांगितले असेल, तर नामांकित कंपनीचे योग्य द्रव्य लेबलवरील मापानेच वापरावे. नव्या गाडीत मात्र आधी माहितीपुस्तिका पाहावी, नाही तर वॉरंटी हातची जाईल.

काळा धूर येत असेल तर प्रथम एअर फिल्टर आणि नोझल पाहावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, त्यावर बाटलीचा इलाज नाही. पावसाळ्यात फिल्टरखालचे पाणी नियमित काढावे. ड्रममध्ये साठवलेले डिझेल झाकून ठेवावे. पंपावर शंका आली तर घनता तपासून मागावी आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून घ्यावे. हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला? टायरची हवा, मोजका भार आणि नाक्यावरच्या कोंडीत बंद ठेवलेले इंजिन, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही.

थोडक्यात, स्वच्छ डिझेल, वेळेवर बदललेला फिल्टर आणि लिहून ठेवलेला हिशेब हीच गाडीची खरी औषधे आहेत. प्रत्येक गाडीमालकाने आजच एक वही घालावी. तारीख, लिटर, किलोमीटर आणि पंपाचे नाव एवढे चार रकाने पुरे. तीन महिन्यांत कोणता पंप, कोणता चालक आणि कोणती बाटली परवडते, हे ती वहीच सांगेल.