शेतातली दिवसाची वीज आणि आपल्या दुकानाचे बिल

नोकरीतील काही वर्षे मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या शाखेत कृषी कर्जाचे काम पाहत होतो. थंडीच्या दिवसांत शाखा उघडताच जे शेतकरी बाकावर येऊन बसत, त्यांपैकी काहींचे डोळे तांबारलेले असत. आदल्या रात्री त्यांच्या वाहिनीची पाळी झालेली असे. मध्यरात्रीनंतर थ्री फेज वीज येई आणि गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी माणूस घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन बांधावर उभा राही. एका खातेदाराच्या कर्जखात्यावर पुढे वारस म्हणून त्याच्या पत्नीची सही घ्यावी लागली. रात्रीच्या पाळीत पायाखाली साप आला होता. त्या कागदावर मीच साक्षीदार होतो.

राज्यात कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची जी मोहीम चालू आहे, तिच्याविषयी वाचताना मला प्रथम तो बाक आठवतो. परंतु या मोहिमेचा आपल्या दुकानाशी, गोदामाशी आणि छोट्या कारखान्याशीही थेट संबंध आहे, आणि तो आपल्या व्यापारी घरांत फारसा ध्यानात घेतला जात नाही.

संबंध असा. शेतीपंपाला वीज पोहोचविण्यासाठी जो खर्च येतो, त्याचा अल्प भागच शेतीच्या दरातून वसूल होतो. उरलेल्यापैकी काही शासन अनुदान म्हणून देते आणि काही वाणिज्य व औद्योगिक ग्राहकांच्या दरात मिसळले जाते. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ च्या वीज कायद्याने ती क्रमाक्रमाने कमी व्हावी असे म्हटले होते. मूळ कायद्यात ती संपुष्टात आणण्याचाही उल्लेख होता. २००७ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला आणि ‘कमी करणे’ तेवढे उरले. कोणत्याही वर्गाचा दर सरासरी पुरवठाखर्चाच्या वीस टक्के वर-खाली एवढ्याच मर्यादेत असावा, हे राष्ट्रीय दरधोरणाचे मार्गदर्शन आहे. आपण दुकानाचे बिल भरतो तेव्हा त्यात शेजारच्या गावातील विहिरीचाही वाटा असतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण त्याच गावातील धान्यावर आपली आडत चालते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचे प्रारंभीचे प्रयोग झाले. पहिली काही वर्षे गती मंद होती. २०२३ मध्ये ‘२.०’ या नावाने ती नव्याने मांडली गेली, मार्च २०२४ मध्ये सुमारे ९,००० मेगावॅट प्रकल्पांची देकारपत्रे एकदम दिली गेली आणि पुढे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले. महावितरणच्या उपकेंद्राच्या पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरात अर्धा ते पंचवीस मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या कृषी वाहिनीला दिवसा द्यायची आणि ती पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने विकत घ्यायची, अशी ही रचना आहे. शेतकऱ्याला पंप बदलावा लागत नाही. वाहिनी, डीपी, खांब सर्व तेच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ढोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, तो या नव्या टप्प्यातील पहिला.

बँकेच्या सवयीने मी एका मेगावॅटचा ताळेबंद मांडून पाहिला. केंद्राच्या कुसुम योजनेत मेगावॅटला साडेतीन कोटींचा खर्च धरून त्याच्या तीस टक्के, म्हणजे एक कोटी पाच लाख रुपये साहाय्य मिळते. आपल्याकडील ऊन पाहता वर्षाला साधारण सोळा-सतरा लाख युनिट निर्माण व्हावेत. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे वार्षिक उत्पन्न पन्नास लाखांच्या घरात. हाच तीन रुपयांचा आकडा महत्त्वाचा. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रातून निघून शेकडो किलोमीटर तारांतून शेतापर्यंत पोहोचणारी वीज यापेक्षा बरीच महाग पडते, आणि वाटेत गळतीही होते. येथे निर्मिती विहिरीच्या शेजारीच होते. शिवाय पंपांची मागणी सर्वांत अधिक असते ती रब्बीत, आकाश निरभ्र असताना. आषाढ-श्रावणात ढग येतात तेव्हा पंपही बहुधा बंदच असतात.

(श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत पहिले नाव अंगारकर्माचे आहे. कोळशाची वीज केवळ वापरणारा त्या कर्माचा भागीदार नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. तो स्वतःला पटवून घेण्याची मला तरी घाई नाही.)

आता शंका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून राज्यात वीज मोफत आहे. म्हणजे वीज स्वस्त झाल्याचा लाभ शेतकऱ्याला वेगळा दिसणार नाही. तो शासनाच्या अनुदानाच्या बोज्यात किंवा आपल्या दरात दिसला पाहिजे. अनुदानाची रक्कम वेळेवर आली नाही, तर वितरण कंपनी कर्ज काढील आणि त्या व्याजाची झळ फिरून ग्राहकालाच लागेल. धनको आणि ऋणको दोघेही सरकारी असले की वसुलीची निकड कोणालाच राहत नाही, हा माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. दुसरी शंका पाण्याची. पंजाबात १९९७ पासून शेतीला वीज मोफत आहे, आणि तेथील भूजलाचे काय झाले हे सर्वविदित आहे. सौर वाहिनीला दिवसाच्या तासांची मर्यादा आपोआप पडते, हा त्यातल्या त्यात दिलासा. तिसरी गोष्ट, बाजारपेठेला दिव्यांची खरी गरज सूर्यास्तानंतर लागते. आपल्या घरांतील स्वयंपाकघर तोवर आवरलेले असले तरी दुकान उघडेच असते. त्या वेळेसाठी साठवण हवी. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच काम करतो. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडायचे. असे प्रकल्प आणखी उभे राहीपर्यंत संध्याकाळची वीज स्वस्त होण्याची आशा मी धरीत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांची गावाकडे पडीक जमीन आहे आणि भाडेपट्ट्याविषयी मला विचारणा होते. योजनेत हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. पंचविसाव्या वर्षी हे भाडे अडीच लाखांवर जाईल. मात्र महागाई वर्षाला पाच टक्के राहिली, तर त्या रकमेत आजच्या सुमारे एकोणऐंशी हजारांचाच माल येईल. खडकाळ माळासाठी हे उत्तमच आहे. पाण्याखालील जमिनीसाठी मी सही करण्यापूर्वी थांबेन. भावाभावांची वाटणी अपुरी असेल तर ती आधी करून घ्यावी, सातबाऱ्यावरील सर्व नावांची संमती लागेल.

दुकानाच्या छपरावर पॅनेल बसवावे का, हाही प्रश्न येतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेतील कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. दुकानाला काही नाही. तरीही वाणिज्य दर पाहता दिवसा चालणारे शीतगृह किंवा गिरणी असेल तर गणित जमते. फक्त नेट मीटरिंगचा आजचा नियम पंचवीस वर्षे टिकेल असे धरू नये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने नेट मीटरिंगला दहा किलोवॅटची मर्यादा घातली आणि काही महिन्यांतच ती पाचशेपर्यंत वाढवली. परतफेडीचा हिशेब आपण स्वतः दिवसा वापरणार त्या युनिटांवरच करावा. ग्रीडला दिलेली वीज वरकड समजावी.

आणि वीज नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी जाहीर सुनावणी घेतो, हरकती मागवतो. त्या सुनावणीला मोठ्या उद्योगांचे वकील उपस्थित असतात, ग्राहक संघटनांचे अभ्यासकही असतात. तीन रुपयांच्या विजेमुळे वाचलेली रक्कम दरपत्रकात नेमकी कोठे उतरली, एवढा एकच प्रश्न गावोगावच्या व्यापारी महासंघांनी बिलांच्या प्रती जोडून लेखी विचारावा. अर्जाचा नमुना आणि मुदत वर्तमानपत्रातील जाहीर सूचनेत छापलेली असते.